नाव घातलेला डबा

आक्का,

तुमच्या कपाटाची किल्ली मागच्या सोमवारी माझ्या हातात आली. तुमच्या दिवसकार्याची शिवगणाराधना आटोपली होती, पाहुणे आपापल्या गाड्या धरून गेले होते, दारातला मांडव उतरत होता. तुमच्या लेकानं, बसूनं, किल्ली आणून दिली आणि म्हणाला, "मामी, मम्मीच्या त्या भंगाराचं काय करायचं ते तुम्हीच बघा. रविवारी मोडवाला येणार हाय. म्हणलात तर सगळं एकदाच उचलून नेईल." पोरगा वाईट नाही. रडून रडून त्याचे डोळे सुजले होते. पण भंगार कशाला म्हणायचं आणि वस्तू कशाला म्हणायचं, हे त्याला पंचेचाळीस वर्षांत तुम्हाला शिकवता आलं नाही, तर मी आठवड्याभरात काय शिकवणार? मी किल्ली घेतली आणि कमरेला खोचली, तुम्ही खोचायच्या तशीच.

खरं सांगायचं तर मला ती किल्ली हवीच होती. त्या कपाटात मला एक डबा शोधायचा होता. कुठला ते तुम्हाला माहीत आहे. ज्याच्यावरून आपण नणंदा-भावजया लातूरच्या भर बाजारात भांडलो, चार महिने एकमेकींशी बोललो नाही, आणि बोलायच्या आतच तुम्ही गेलात, तो. तुम्ही माझ्यावर रागावूनच गेलात का, एवढं एकच मला कळून घ्यायचं होतं. हे बसूला विचारता येत नव्हतं, तुमच्या भावाला तर नाहीच. म्हटलं डब्यालाच विचारून बघावं.

पण डब्याकडे येते सावकाश. एकदम मुद्द्यावर आलेलं तुम्हाला कुठं चालायचं? जी वस्तू पाहिजे तिच्याकडे सगळ्यात शेवटी बघायचं, तोवर दहा नको त्या वस्तू उचलून नाकं मुरडायची, हा तुमचा दुकानातला शिरस्ता. "आपल्याला काय पाह्यजे ते आधी आपल्या तोंडालाच कळू द्यायचं न्हाई," असं म्हणायच्या तुम्ही.

मी लग्न होऊन उदगीरला तुमच्या माहेरी आले तेव्हा सगळ्यांनी मला तुमची भीती घालून ठेवली होती. थोरली नणंद म्हणजे दुसरी सासू. पहिल्या दिवाळीला तुम्ही लातूरहून आलात, मला खालून वर बघितलंत आणि म्हणालात, "चल गं, बाजार दाखवते." मी नवी इरकल नेसले. वाटलं, साडी-बांगडीचा बाजार असेल. तुम्ही मला नेलंत ते थेट भंगाराच्या दुकानात. मोडके स्टोव्ह, सायकलींची चाकं, पोचे आलेल्या घागरी, आणि त्यात तुम्ही फतकल मारून बसलात. "बघालीस काय? बस की खाली. उभं राहून काय दिसत नसतंय." मी त्या इरकलीसकट खाली बसले. तासाभरानं तुम्ही ढिगातून एक फिरकीचा तांब्या काढलात, प्रवासात पाणी न्यायचा, झाकण गच्च बसलेला. घरी आल्यावर रात्रभर तेलात ठेवून तो उघडला आणि दुसऱ्या दिवशी माझ्या हातात दिलात. माझ्या सासरची पहिली दिवाळी भेट म्हणजे कुणा अनोळखी माणसाचा तांब्या. सासूबाईंनी कपाळावर हात मारला, आणि मला तेव्हाच कळलं की ह्या बाईशी आपलं जमणार.

पुढं ह्यांची बदली नांदेडला झाली, मलाही तिथंच जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी लागली. महिन्यातला एक शनिवार आपला ठरलेला. कधी तुम्ही नांदेडला, कधी मी लातूरला, नाहीतर दोघी मिळून मुखेडच्या आठवडी बाजारात. तुमचे बाळू, म्हणजे माझे मालक, आपल्याला 'भंगारवाल्या' म्हणायचे आणि आपण आणलेल्या कंदिलाखाली बसून पेपर वाचायचे. आपला नियम एकच होता. स्वतःसाठी काही घ्यायचं नाही. वस्तू हातात धरायची आणि म्हणायचं, ही कुणाची? ज्याचं नाव पहिल्यांदा मनात येईल त्याची.

आता मनात येणारं नाव दर वेळी बरोबरच असतं असं नाही. आठवतं का ते उगालदान? नांदेडच्या इतवाऱ्यात त्या म्हाताऱ्या चाचांच्या दुकानात तुम्ही पितळेची एक उभट वस्तू उचललीत, कमरेत बारीक, तोंडाशी पसरट. "यव्वा! फुलदाणी बघ कसली हाय!" तुमच्या विहीणबाईंच्या देगलूरच्या नव्या घराची वास्तुशांत होती. चाचा बिचारे सांगत होते, "अम्मा, ये फुलां का नै, ये दुसरे काम का है." तुम्हाला वाटलं, ह्यांना द्यायचं नाही म्हणून सांगतायत. तुम्ही ती घासून लख्ख केलीत, निशिगंधाच्या दांड्या खोचल्यात आणि दिवाणखान्याच्या मधोमध नेऊन ठेवलीत. विहीणबाईंच्या म्हाताऱ्या सासूबाई काठी टेकत आल्या, वाकून बघितलं आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "अगं बया, हे तर उगालदान. आमच्या मामंजीचं आसंच व्हतं. पान खाऊन ह्याच्यातच थुंकायचे."

मी पदर तोंडात कोंबला. तुम्ही मात्र डोळ्याची पापणी न लववता म्हणालात, "मग? थुंकणारे गेले, आता फुलं आली. घराचं भलंच झालं न्हवं का?" आणि परतीच्या बसमध्ये तुम्ही अशा हसलात की कंडक्टर दोनदा मागे येऊन गेला. ते उगालदान अजून त्यांच्या दिवाणखान्यात आहे आणि त्यात अजून फुलं असतात.

मी निवृत्त झाले तेव्हा शाळेनं शाल-श्रीफळ दिलं, सहकाऱ्यांनी भिंतीवरचं घड्याळ दिलं. तुम्ही एक पोतं घेऊन आलात. पोत्यात कुठल्यातरी बंद पडलेल्या शाळेची घंटा, जाड काशाची थाळी आणि तिचा लाकडी टोला. "तीस वर्सं दुसऱ्यानं वाजवलेल्या घंटेवर पळालीस," तुम्ही म्हणालात, "आता तू वाजव. बाळूला पळू दे." तेव्हापासून आमच्याकडे जेवायची वेळ झाली की मी घंटा वाजवायची आणि तुमचे भाऊ, बीपीची गोळी हातात घेऊन, मुकाट येऊन बसायचे. तुम्ही गेल्यापासून मात्र ती वाजवलेली नाही.

मी तुम्हाला दिलेल्या वस्तूंपैकी तुमची लाडकी म्हणजे ती लोखंडी पेटी. वीतभर लांब, गच्च बंद, किल्ली हरवलेली. हलवली की आत काहीतरी खडखडायचं. मी दर वेळी म्हणायची, आक्का, वेल्डिंगवाल्याकडून फोडून घेऊ. तुम्ही पेटी कानाशी धरून हलवायच्या. कधी म्हणायच्या जोडवी, कधी निजामाच्या वेळचा हाली सिक्का, कधी कुणाचा तरी दात. "बंद हाय तवर लई काय काय हाय त्याच्यात. उघडली की एकच निघंल." मला हे काही पटलं नाही. मी शिक्षिका, मला उत्तर लागतं. हा आपला वाद पंधरा वर्षं चालला आणि तसाच राहिला.

पण तुमचा खरा जीव नावात. आपल्याकडे लग्नात भांडं द्यायचं तर त्यावर नाव घालून द्यायचं, नाहीतर दिल्याचं कुणाला कळणार? चि. अमकी हिस तमक्याकडून. मग पुढं सुना येतात, त्यांना स्टील हवं असतं, पितळ मोडीत जातं, आणि मोडवाल्याच्या दुकानात आजीबाईंची नावं पोत्यात एकावर एक पडून राहतात. त्या पोत्यांपुढं बसून तुम्ही नावं वाचायच्या, मोठ्यानं, हजेरी घेतल्यासारखी. आणि ओळखीचं नाव सापडलं की त्या नावाच्या बाईला ते भांडं नेऊन द्यायच्या.

दुधाच्या रतिबाच्या विठाबाईला तुम्ही दिलेलं पातेलं मी कधी विसरणार नाही. काठावर फक्त 'विठाबाई' एवढंच होतं. तिला वाचता येत नव्हतं. "कुठं हाय माझं नाव?" तुम्ही तिचं बोट धरून अक्षरांवरून फिरवलंत. ती जरा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "एवढंच हाय व्हय? मला वाटलं लई मोठं असंल." मग पदरानं डोळे पुसत पातेलं छातीशी धरून गेली. तुम्ही दारातच उभ्या. मला म्हणालात, "आजवर कुणी तिचं नाव कशावर घातलं नसंल बघ."

ह्या नावांचं मला काय होतं ते मी जन्मात एकदाच बोलले, तेही तुमच्याजवळ. माझी आई गेली तेव्हा मी तिसरीत होते, इस्लापूरला. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी ओसरीत माझं रुखवत मांडलं होतं. भांडी मोजायचं निमित्त करून मी एकटी तिथं बसले आणि एकेक भांडं फिरवून नाव वाचलं. मामाकडून. आत्याकडून. वडिलांकडून. शाळेतल्या बाईंकडून. सगळी वाचून झाल्यावर पुन्हा एकदा पहिल्यापासून वाचली. काय शोधत होते ते मलाही ठाऊक होतं आणि ते सापडणार नाही हेही ठाऊक होतं. हे मी तुम्हाला अहमदपूरच्या अलीकडे, एसटीत, शेंगा खाता खाता सांगितलं. तुम्ही नुसत्या शेंगा सोलत राहिलात आणि दाणे माझ्या हातावर ठेवत राहिलात, पार लातूर येईपर्यंत.

म्हणून तर त्या दिवशीचं मला एवढं लागलं, आक्का.

लातूरला गंजगोलाईजवळच्या त्या मोडीच्या दुकानात मी समया बघत होते. तुम्ही पोत्यातून एक कडीचा डबा काढलात, लाडवाचा असतो तेवढा. पदरानं पुसलात. हजेरी घेता घेता अचानक गप्प झालात, म्हणून मी वळून बघितलं. 'चि. सुमन हिस आईकडून.' माझं नाव, आणि त्यापुढं तो शब्द. मी हात पुढं केला आणि तुम्ही डबा मांडीत ओढून घेतलात.

"आक्का, हा माझा."

"न्हाई."

"अहो, नाव तर बघा."

"बघितलं की. म्हणूनच न्हाई म्हणालेय."

"विठाबाईला दुसऱ्या विठाबाईचं चालतं, गल्लीतल्या सगळ्या बायांना चालतं. मग मलाच का नाही?"

तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "विठाबाईच्या भांड्यावर निस्तं नाव व्हतं, सुमन. ह्याच्यावर आई हाय."

मला वाटलं, टोमणा मारलात. तुला आई नाही, आणि दुसऱ्याची आई तुला मिळायची नाही, असंच मला ऐकू आलं. इतकी वर्षं जपून ठेवलेली गोष्ट तुमच्याजवळ ठेवली होती, ती तुम्ही दुकानदारासमोर उघडी केलीत असं वाटलं. मी काय बोलले ते तुम्हालाही आठवत असेल. "ठेवा मग तुमच्याचपाशी. तुम्हाला काय कळणार? तुमच्या आईनं तर घरभर तुमची नावं घातलीत." तुम्ही उलट दुकानदाराला विचारत बसलात, हे पोतं कुठून आलं, कधी आलं. मी अपमानानं पेटले आणि स्टँडकडे चालायला लागले. मागून तुमची हाक आली, "सुमन, थांब गं, चहा तरी पी." मी वळले नाही.

रविवारी जेवणं झाली की तुमचा फोन यायचा. तो आला नाही. मीही केला नाही. मी आयुष्यभर वर्गात सांगत आले, ज्याची चूक त्यानं आधी उभं राहायचं. चूक तुमची, मग तुम्ही उभ्या राहा. तुमच्या भावानं दोनदा सांगून बघितलं, "अगं, मोठी हाय ती. लाव की फोन." मी म्हटलं, मोठ्यांनी आधी लावावा. चार महिने गेले. आणि एका सकाळी फोनवर तुमचा नंबर आला. माझ्या मनात काय आलं सांगू? आला का नाही शेवटी! मी मुद्दाम वाजू दिला. तीनदा वाजू दिला, तुम्हाला जरा कळावं म्हणून. मग ऐटीत उचलला, तर पलीकडे बसू होता.

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगायलाच हवं होतं म्हणून लिहिते आहे.

मंगळवारी तुमची सून शिल्पा आणि मी मिळून कपाट उघडलं. प्रत्येक वस्तू वर्तमानपत्रात गुंडाळलेली आणि एकावरही चिठ्ठी नाही. शिल्पा घाबरली, "मामी, कुणाचं काय हाय कसं कळायचं?" मी एकेक उघडत गेले आणि सांगत गेले. हा पितळी शाईदाणीचा संच तुमच्या कीर्तनकार शेजाऱ्यांचा. हा मोराच्या दांड्याचा झारा तुझ्या देगलूरच्या आईचा. ही काळी बिदरी डबी, चांदीच्या वेलीची, तुझ्या लेकीच्या लग्नाची, तिला अजून दहा वर्षं आहेत. मला सगळं माहीत होतं, कारण प्रत्येक वस्तू उचलताना मी शेजारी होते. पत्र्याची एक चावीची मोटार निघाली, लाल, एक चाक वाकडं. लहानपणी बसूची तशी मोटार सिद्धेश्वराच्या जत्रेत हरवली होती आणि तो आठवडाभर जेवला नव्हता, हे तुम्ही मला मुखेडच्या बाजारात ती घेताना सांगितलं होतं. मी ती त्याला नेऊन दिली. त्यानं चावी दिली. ती जेमतेम हातभर चालली आणि भिंतीला टेकली. संध्याकाळी त्यानंच मोडवाल्याला फोन करून येऊ नको म्हणून सांगितलं.

लोखंडी पेटीही निघाली. मी हलवून बघितली आणि माझ्या पिशवीत ठेवली. फोडलेली नाही.

पण डबा नव्हता. वरचा कप्पा, खालचा कप्पा, पलंगाखालची ट्रंक, कुठंच नव्हता. आणि अजून एक गोष्ट नव्हती. सगळ्यात खालच्या कप्प्यात तुमचा स्वतःचा लाडवाचा डबा असायचा, माझ्या सासूबाईंनी, म्हणजे तुमच्या आईनं, तुमच्या लग्नात दिलेला. त्याच्या जागी कागदावर नुसता गोल डाग होता.

मी शिल्पाला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "सुमन नाव व्हतं तोच डबा का? तो मम्मी औशाला देऊन आल्या की. मीच गेले व्हते संगं."

मग तिनं सांगितलं. दुकानदाराकडून तुम्ही औशाच्या घराचा पत्ता काढून घेतलात. आपल्या भांडणानंतर आठच दिवसांत एसटीनं तिथं गेलात. डब्यावरची ती सुमन, एक म्हातारी बाई, घराच्या ओसरीवर बसलेली. सुनेनं मोड दिली तेव्हा ती दवाखान्यात होती, परत आली तोवर डबा गेलेला. तुम्ही पिशवीतून डबा काढलात. तुम्ही कोण, कुठल्या, हेही तिनं विचारलं नाही. झाकण उघडून आत हुंगलं, झाकण लावलं आणि डबा मांडीखाली घालून बसली, पुन्हा कुणी नेऊ नये म्हणून. "आम्हाला च्या सुदीक इचारला न्हाई," शिल्पा म्हणाली, "पण मम्मी लई खूश व्हत्या. परत येताना गाडीत म्हणल्या, तिचं झालं. आता आपल्या सुमनचं बघायचं."

'ह्याच्यावर आई हाय.' तुम्ही मला टोमणा मारला नव्हता, आक्का. कुठल्यातरी आईनं कुठल्यातरी लेकीला दिलेलं आहे, ती लेक जिवंत असेल तर ते तिचंच आहे, एवढंच तुम्ही सांगत होता. ते मला समजायला चार महिने लागले, आणि तेही तुमच्या सुनेकडून समजलं. तीस वर्षं पोरांना शिकवलं त्या बाईची ही अक्कल.

"आणि त्यांचा स्वतःचा डबा?" मी विचारलं.

"तो नाव घालायला दिलाय म्हणल्या. मी म्हणलं, त्याच्यावर तर नाव हायच की. तर म्हणल्या, तुला काय करायचंय."

नाव घालायला म्हणजे नागप्पा. आता सगळीकडे मशीन आलं, घर्र करून दोन मिनिटांत नाव. पण तुम्हाला मशीनचं अक्षर आवडत नसे, तुम्ही भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर छिन्नी-हातोडी घेऊन बसणाऱ्या नागप्पाकडेच जायच्या. मी बुधवारी सकाळी तिथं गेले. त्यानं मला ओळखलं, हात जोडले. "आक्का गेल्या म्हणं. लई वाईट झालं." मग काही न विचारता मागच्या फळीवरून कापडात बांधलेला डबा काढून माझ्यापुढं ठेवला.

वरची, तुमच्या नावाची ओळ मला पाठ होती, जुनी, झिजलेली. 'चि. सौ. कां. महादेवी हिस आईकडून.' तिच्याखाली नवी ओळ होती, ठिपक्या ठिपक्यांची, अजून चकाकणारी. 'सौ. सुमन हिस.' आणि त्यापुढं कोरं पितळ.

"हे अर्धंच आहे," मी म्हटलं.

"इथवरच घाल म्हणल्या," नागप्पा म्हणाला. "म्होरलं तिला इचारून सांगते म्हणल्या. मी तीन-चार येळा इचारलो, आक्का, पुरं करू का? म्हणल्या, थांब की, तिचा फोन येऊ दे."

मी त्याच्या पायरीवर बसले आणि भर बाजारात रडले. नागप्पानं माझ्याकडे पाठ केली आणि एक कोरी थाळी उगाचच ठोकत बसला. तुम्ही रागावून गेला नव्हतात. तुम्ही माझ्या फोनची वाट बघत होतात, मी तुमच्या. मला काय विचारणार होता तुम्ही? 'नणंदेकडून घालू का गं?' ते तर कोर्टातल्या कागदासारखं वाटलं असतं. की चाचरत, दुसरीकडे बघत विचारणार होता, 'आई घालू का?' म्हणून तर तुम्ही स्वतः होऊन ठरवलं नाहीत. मला काय हवं आहे ते माझ्या तोंडून ऐकायचं होतं तुम्हाला. हे आता कधीच कळणार नाही. तुमच्या पेटीसारखं झालं हे, हलवलं की वाजतं.

बऱ्याच वेळानं नागप्पानं हळूच विचारलं, "बाई, काय घालू?"

मी डबा फिरवून पुन्हा वाचला. आई वरच्या ओळीत होतीच. तुमच्या आईनं तुम्हाला दिलेला डबा तुम्ही मला दिलात, तेव्हा तो शब्द त्याच्याबरोबर माझ्याकडे आलाच होता, मला पुन्हा मागायची गरज नव्हती. आणि खाली कुणाचं नाव हवं याबद्दल माझ्या मनात काही शंका राहिली नाही.

"आक्काकडून," मी म्हटलं.

त्यानं डबा गुडघ्यात धरला आणि ठोकायला लागला. एकेक अक्षर उमटत गेलं. शेवटच्या न नंतर त्यानं छिन्नी उचलली आणि विचारलं, "तारीख घालायची का?"

मी म्हटलं, नको. तारीख घातली तर उद्या कुणीतरी हिशोब करेल की हे नाव पुरं झालं तेव्हा देणारी नव्हतीच. पुढं कधीतरी आमच्याही घरी कुणाला तरी हा डबा जड होईल, मोडीत जाईल, आणि लातूर-नांदेडच्या कुठल्यातरी दुकानात दोघीजणी पोत्यापुढं बसून तो उचलतील. त्यांना वाटू दे की तुम्ही स्वतः नागप्पाच्या पायरीशी उभं राहून हे नाव घालून घेतलंत आणि मी शेजारी उभी होते. दोघींनाही तो हवा असेल. मग भांडतील, भांडू देत. फक्त रविवारी जेवणं झाली की त्यातल्या एकीनं फोन लावावा.

तुमची,
सुमन